फादरांचा अर्ज पहिला

मी राहते डिचोलीत आणि शिकवते बार्देशातल्या एका इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, हायस्कुलात. विषय मराठी. शाळेत निम्म्याहून जास्त मुलं हिंदू आहेत, याचं गोव्याबाहेरच्या नातेवाइकांना नवल वाटतं, इथे कुणाला वाटत नाही. गावचे विगार, म्हणजे इगर्जीचे मुख्य पाद्री, हेच शाळेचे मॅनेजर, मुख्याध्यापिका सिस्टर, आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेला कुंकू लावलेल्या आया आणि गळ्यात क्रूस घातलेल्या आया एकाच बाकावर बसून गणिताच्या सरांबद्दल कुरकुर करतात.

एका जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या फादरांनी आम्हाला काही जणांना बोलावून घेतलं. म्हणाले, शाळा आणि इगर्ज दोन्हींसाठी मिळून मुलांच्या संरक्षणाचं धोरण लिहायचं आहे, समिती करायची आहे. समितीत ते स्वतः, सिस्टर, गावातल्या एक वकीलबाई, गोवा मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक नर्स, बालरथावरची, म्हणजे शाळेच्या बसवरची, मदतनीस आणि मी. मदतनीस कशाला, असं कुणीतरी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "मुलं आपल्याला नमस्कार करतात, पण बोलतात तिच्याशी." पुढे हे शब्दशः खरं ठरलं.

पहिल्या बैठकीत वकीलबाईंनी कायदा समजावला. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पोक्सो कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो: 2012 चा, मुलगा-मुलगी भेद न करणारा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी. पण गोव्याचा स्वतःचा बाल कायदा त्याच्याही आधीचा, 2003 चा आहे, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्या कायद्यात गोव्याचं पर्यटन दिसतं. हॉटेलच्या खोलीत मूल कुणाबरोबर असू शकतं ते त्यात लिहिलं आहे. फोटो धुणाऱ्याला मुलांचे अश्लील फोटो आढळले तर त्याने पोलिसांना कळवायचं, हेही आहे. फोटो धुणारा हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, पण ते कलम का आलं हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. मडगावजवळ अनाथ मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट 1991 मध्ये पकडला गेला आणि 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. गरीब मुलांना आसरा देणारा भला माणूस, अशीच त्याची ओळख होती. नर्सबाई तेव्हा नोकरीत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्याकडे मुलं पाठवणारे लोक वाईट नव्हते गो. त्यांना तो चांगला वाटत होता."

यानंतर आमची चर्चा 'चांगल्या माणसां'वरच अडकली आणि बरेच दिवस अडकून राहिली. धोरण लिहिणं सोपं असतं. नमुने मिळतात, नावं बदलायची. कठीण होतं ते नियम कुणाला लागू करायचे हे ठरवणं. शिक्षकांना, कारकुनाला, शिपायाला, बालरथाच्या ड्रायव्हरला पोलीस पडताळणी लागते, यावर वाद नव्हता. 2020 च्या पोक्सो नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना ती सांगितलीच आहे. पण इगर्जीच्या बाजूला माणसं पगारावर नसतात. दोतोन, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण, शिकवणारे तरुण-तरुणी, इगर्जीची व्यवस्था पाहणारा सांक्रिस्तांव, कॉयरला व्हायोलिन शिकवणारे मेस्त, उन्हाळी शिबिराला येणारे ब्रदर, सुट्टीत परदेशातून येऊन मुलांना चॉकलेटं आणि टी-शर्ट वाटणारे गावकरी. हे सगळे सेवेला येतात. सेवा करणाऱ्याकडे पोलिसांचा दाखला मागायचा कसा?

मेस्त दुखावले. वयाने मोठे, अर्ध्या गावाला त्यांनीच सूर लावायला शिकवलेला. ते बैठकीत आले, उभ्यानेच म्हणाले, "फादर, आता या वयात मला पोलिसांत पाठवणार?" कुणी बोलेना. फादरांनी टेबलाचा खण उघडला आणि स्वतःच्या नावाने भरलेला अर्ज काढून मेस्तांसमोर ठेवला. फोटो चिकटवलेला, सही केलेला. "माझा पहिला. तुम्ही येता का बरोबर? मला एकट्याला जायला लाज वाटते."

दोघं मेस्तांच्या जुन्या स्कूटरवरून ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने म्हणे फादरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग अर्ज वाचून गोंधळला. त्याला वाटलं होतं फेस्ताच्या, इगर्जीच्या उत्सवाच्या, लाऊडस्पीकरची परवानगी हवी असेल.

नंतर कुणी हुज्जत घातली नाही. मी शिक्षिका आहे, वर्गात शिस्त कशी लागते ते मला ठाऊक आहे, तरी हे पाहून मला नवल वाटलं. माझं मत असं की आमच्या धोरणातली सगळ्यात कामाची गोष्ट तो एक अर्ज होता. बाकी पानं त्यामुळे वाचली गेली.

त्या पानांतली काही बारीक कलमं सांगते. फादरांच्या ऑफिसच्या दाराला सुताराने काचेचं तावदान बसवलं. मुलांचं कुमसार, म्हणजे पाद्र्याजवळ पापांची कबुली देणं, आता उघड्या जागी होतं, इगर्जीच्या बाजूच्या बाकांवर, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. एकट्या मुलाला गाडीवर मागे बसवून कुणी न्यायचं नाही, फादरांनीही नाही, पाऊस असला तरी. मुलांना खाजगी व्हॉट्सअ‍ॅप करायचं नाही, जे सांगायचं ते पालकांच्या गटावर. शिबिरात रात्री दोन मोठी माणसं, आणि मोठ्यांची झोपायची जागा वेगळी. वेदीवर सेवा करणारी मुलं वेदीशेजारच्या खोलीत, सांक्रिस्तीत, कपडे बदलतात, तिथे एक माणूस कधीच एकटा मुलांबरोबर राहायचा नाही. पी.टी.च्या सरांनी विचारलं, मग पाठ थोपटायची की नाही? सिस्टर म्हणाल्या, "मैदानावर थोपटा, सगळ्यांसमोर. स्टोअररूममध्ये नको." छडीचा प्रश्न नव्हताच, गोव्याच्या कायद्याने ती केव्हाच बंद केली आहे, निदान कागदावर.

तक्रारपेटीही लावली. मला ती पहिल्यापासून पटली नव्हती. महिनाभराने उघडली तर कॅन्टीनच्या पॅटिसमध्ये मांस कमी असतं अशी तक्रार, गणिताच्या सरांविरुद्ध तीन चिठ्ठ्या आणि एक प्रेमपत्र. पेटी अजून आहे. कुणाला काही खरं सांगायचं असेल तर ते मूल चिठ्ठी लिहीत बसत नाही, असं मला वाटतं.

त्यापेक्षा नकाशे उपयोगी पडले. ही कल्पना शाळेत येणाऱ्या समुपदेशक मुलीची. पाचवी ते आठवीच्या मुलांना शाळेचा आणि इगर्जीच्या आवाराचा नकाशा काढायला सांगितला. आवडत्या जागी हिरवी खूण, जिथे एकटं जायला नको वाटतं तिथे लाल फुली. नावं घालायची नाहीत. सगळे कागद जमिनीवर पसरले तेव्हा लाल फुल्या ठरावीक जागी जमलेल्या दिसत होत्या: कोराचा, म्हणजे गायकांच्या सज्जाचा, अंधारा जिना, स्टेजमागची खोली जिथे बँडची वाद्यं ठेवतात, मुलांच्या संडासाची मागची बाजू आणि बालरथाची शेवटची सीट. यातल्या शेवटच्या जागेबद्दल आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. मदतनीस मात्र लगेच म्हणाली, "नववीची पोरं तिथे लहानांना सतावतात. मी दोनदा सांगितलं होतं." कुणाला सांगितलं होतं ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जिन्यावर ट्यूबलाइट आली, वाद्यांच्या खोलीला कुलूप लागलं, बसमध्ये मोठी मुलं पुढे आणि लहान मधल्या रांगांत बसू लागली. मुलांना त्रास देणारा दर वेळी मोठा माणूस असतो असं नाही, हे आम्हाला त्या कागदांनी शिकवलं. तोवर आमचं सगळं धोरण मोठ्यांभोवतीच फिरत होतं.

आता कुमसाराचा वाद. तो मिटलेला नाही, म्हणून जसा झाला तसाच सांगते. पोक्सोचं कलम 19 म्हणतं की गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तर कुणाही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर कलम 21 प्रमाणे वर्षापर्यंत कैद आहे. वकीलबाईंनी बोट ठेवलं: 'कुणाही' म्हणजे कुणाही, पाद्र्याला सूट लिहिलेली नाही. फादर म्हणाले, कुमसारात ऐकलेलं बाहेर बोलणारा पाद्री त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो, आणि हा नियम माझा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेल्या फर्मानाने पाद्री आणि धर्मभगिनींवर अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं, देशाच्या कायद्याची बंधनं त्याने कमी होत नाहीत हेही त्यातच म्हटलं आहे, पण कुमसाराची कडी त्यानेही उघडलेली नाही. बैठकीत आवाज चढले. नर्सबाई उठून गेल्या.

शेवटी मार्ग निघाला तो असा: मुलांना आणि मोठ्यांना स्पष्ट सांगायचं की कुमसार ही तक्रार करायची जागा नाही. मुलाने तिथे काही सांगायला सुरुवात केली तर फादर त्याला म्हणतील, हे तू मला बाहेर सांग, आत्ता, मी तुझ्याबरोबर सिस्टरकडे येतो. बाहेर सांगितलेल्या शब्दावर गुपिताचं बंधन नाही. हे मुलाच्या बाबतीत चालेल. पण अपराधी माणूस स्वतःच गुडघे टेकून सांगत असेल तर? फादर म्हणाले, मी त्याला पोलिसांत जायला सांगेन आणि तो जाईपर्यंत क्षमा देणार नाही. वकीलबाईंचं यावर समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही. मी हिंदू बाई, दुसऱ्याच्या धर्माच्या गाभाऱ्यात किती बोलावं असा संकोच होता, तरी बोलले. ते धोरणात 'मतभेद' म्हणून लिहून ठेवलं आहे, माझ्या नावासकट. फादरांनीच लिहायला लावलं.

मग एका रविवारी मिसेच्या, म्हणजे इगर्जीतल्या प्रार्थनेच्या, वेळी फादरांनी सर्मांवात, प्रवचनात, हा विषय काढला. मी गेले होते, मागच्या बाकावर बसले. त्यांनी मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा आकडा कोकणीतून दोनदा सांगितला आणि लहान मुलांकडून म्हणवून घेतला. पुढे बसलेल्या एक आजी बाहेर पडताना मोठ्याने म्हणाल्या, इगर्जीत असलं कुणी बोलतं का? त्यांच्या शेजारची, त्याच वयाची दुसरी बाई काही बोलली नाही. ती फादरांच्या ऑफिसात नंतर बराच वेळ बसली होती, काचेच्या दारातून दिसत होतं. काय बोलली ते मला माहीत नाही, माहीत असण्याचं कारण नाही. मिसेच्या वेळापत्रकाच्या फलकावर तो नंबर अजून आहे.

यापुढचं मोघम लिहिणार आहे. मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे, आणि नसता तरी लिहिलं नसतं. मूल मुलगा की मुलगी, कुठल्या वर्गातलं, कुठल्या धर्माचं, हे सोडून देते. ते बोललं बसमध्ये, मदतनिशीपाशी. "सांगू नको" असं तिला सांगून मग बोललं. तिने वचन दिलं नाही, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो: गुप्त ठेवीन असं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, फक्त ऐकायचं आणि म्हणायचं की सांगितलंस ते चांगलं केलंस. ती थेट सिस्टरकडे आली. त्रास देणारा घरातलाच होता, नात्यातला, मुलाला शाळेतून घ्यायला येणारा.

सिस्टरांनी त्याच दुपारी फोन लावला. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही, हे स्वतःला बजावावं लागतं. शिक्षकाचा हात आधी चौकशीकडेच जातो. संध्याकाळी साध्या कपड्यांत महिला उपनिरीक्षक आल्या, मुलाशी त्याला हवं तिथे बसून बोलल्या, आईला सोबत ठेवून. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, ते कळवलं. वैद्यकीय तपासणीच्या वेळी नर्सबाई आईबरोबर गेल्या. त्या बैठकीतून उठून गेल्यावर परत आल्या होत्या, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाईक आले. माझ्याकडे नाही, सिस्टरांकडे नाही, फादरांकडे. आले ते सगळे पुरुष, त्यांत गावात मान असलेले एक गृहस्थ. शाळेचे मॅनेजर या नात्याने फादरांनी मलाही तिथे बसायला सांगितलं, म्हणून मी ऐकलं. आधी दमदाटी नव्हती, विनंती होती. "फादर, घरचें घरांतच मिटोवया." तो माणूस पाया पडेल, गाव सोडून जाईल, हवं तर इस्पितळाचा खर्च देईल. मुलाच्या भवितव्याचा विचार करा. शाळेचं नाव पेपरात येईल. मग शेवटी: तुम्ही शब्द टाकलात तर इन्स्पेक्टर ऐकेल.

हा शेवटचा मुद्दा खरा होता, म्हणून मी फादरांच्या तोंडाकडे पाहिलं. गोव्याच्या गावात विगाराचा शब्द चालतो. देवळाच्या अध्यक्षाचाही चालतो. मुलांवरच्या अत्याचाराची प्रकरणं दडपली जातात ती याच शब्दांच्या जोरावर, आणि शब्द टाकणाऱ्याला वाटत असतं की आपण एक घर वाचवलं. फादर म्हणाले, "मी शब्द टाकीन. इन्स्पेक्टरला सांगीन की लवकर करा." गृहस्थ उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून 'बाई, तुम्ही तरी' असं सुरू केलं आणि पुरं केलं नाही.

पुढचे काही महिने फादर दर आठवड्याला त्या आईला भेटून येत. प्रार्थना वगैरे नाही, किराणा घेऊन जात, कारण कमावता माणूस आत होता. आरोपीच्या बाजूनेही लोक दुखावले गेले, त्यांचं येणं थांबलं, फेस्ताच्या वर्गणीवर परिणाम झाला. गोव्यात अशा खटल्यांसाठी चिल्ड्रन्स कोर्ट आहे. खटला वर्षाच्या आत संपावा असं कायदा म्हणतो, शक्य तोवर. हे 'शक्य तोवर' किती ताणलं जातं ते तारखांना जाणाऱ्यांना विचारा. मूल शाळेत येतं. माझ्या तासाला कविता पाठ न करता येतं, आणि मी त्याला इतरांइतकंच रागावते, कारण समुपदेशक मुलीने तसंच सांगितलं आहे.

घरी मी आमच्या देवस्थान समितीत हा विषय काढला. जत्रेच्या नाटकाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, सुट्टीत भजनाचे वर्ग असतात, पेटी-तबला शिकायला मुलं एकेकटी मास्तरांच्या घरी जातात. एका ज्येष्ठ महाजनांचं उत्तर: "बाई, हे फादर लोकांचे प्रश्न. आपल्यात असलं नसतं." हे उत्तर येणार हे मला माहीत होतं. परदेशातल्या पाद्र्यांच्या बातम्या आपल्याकडे चवीने वाचल्या जातात. केंद्र सरकारने तेरा राज्यांत केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोवाही होता, आणि एकूण मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं होतं. एवढी मुलं काय फक्त इगर्जीत जाणारी होती? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, सरकारी आकडे.

मला फरक दिसला तो वेगळाच. चर्चमध्ये वरून खाली हुकूम चालतो. त्याच उतरंडीने जगभर वर्षानुवर्षं प्रकरणं दाबली, पाद्र्यांच्या गुपचूप बदल्या केल्या, आणि त्याच उतरंडीने आता नियम खाली येऊ शकतात. आमच्याकडे हुकूम देणारा कुणी नाही. त्यामुळे प्रत्येक देवळात एकेका माणसाला पटवावं लागणार. आतापर्यंत आमच्या समितीने एवढंच मानलं आहे की भजनाचा वर्ग बंद खोलीत न घेता सभामंडपात घ्यायचा आणि मुलांना न्यायला कोण येणार त्यांची नावं वहीत लिहायची. वही मी घेऊन दिली.

गेल्या जूनमध्ये फादरांची बदली झाली. नवे विगार आले, तरुण, हसतमुख, मुलांत लगेच मिसळणारे. पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी त्यांच्यापुढे अर्ज ठेवला. ते म्हणाले, "पण माझी पडताळणी आधीच्या पॅरिशमध्ये झाली आहे."

"ती तिथली, फादर," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ठाणं कुठलं लागतं ते विचारलं. मेस्त दारातच उभे होते. त्यांचा दाखला नवा करायची वेळ झालीच होती. स्कूटर बाहेर आहे, म्हणाले.